उत्तर आधी सांगू नका: विमानांचा आणि अवकाशाचा इतिहास मुलांपुढे कसा मांडावा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठी तुम्ही दर महिन्याला विमानांचा इतिहास आणि अवकाशविज्ञान यावर कार्यक्रम घेता. राइट बंधू, गागारिन, चंद्रावरचं पहिलं पाऊल, रॉकेट उड्डाणांचे व्हिडिओ, सगळं दाखवून झालं. मुलं डोळे विस्फारून बघतात, टाळ्या वाजवतात आणि पुढच्या महिन्यात निम्मी फिरकत नाहीत. तर प्रेरणा टिकत का नाही, आणि हाताशी थोडे पैसे आहेत त्यात सिम्युलेटर (संगणकावर विमान चालवायचा सराव देणारी यंत्रणा) घ्यावा की दुर्बीण, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मूळची विमान देखभालीतली. गेली बरीच वर्षं मुलांबरोबर हेच काम करते आहे. दुर्बीण-सिम्युलेटरचं शेवटी बोलते, कारण माझ्या मते तुमची अडचण साहित्याची नाहीच. तुम्ही दर वेळी मुलांना गोष्टीचं शेवटचं पान वाचून दाखवता आहात. विमान उडालं, यान उतरलं, माणूस पोचला. यात समोर बसलेल्या मुलीला करण्यासारखं काय उरलं? टाळ्या वाजवणं. भव्य काहीतरी बघून आपण लहान आहोत एवढंच तिला कळतं. त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा विचार करायला तिला वावच मिळत नाही. म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो: उत्तर कुणालाच माहीत नव्हतं त्या क्षणापासून गोष्ट सुरू करायची, आणि पुढचं सांगण्याआधी मुलांना ठरवायला लावायचं.

आता हे कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, तेही सांगते. दर वेळी तीच वीस-पंचवीस मुलं येत असतील तर खाली लिहिलेलं सगळं जमेल. दर वेळी नवी शंभर मुलं सभागृहात बसणार असतील तर एक प्रयोग आणि एक प्रश्न, इतकंच करा, बाकीचं सोडून द्या. वयाचाही फरक पडतो. बाराच्या मुलाला हातात काहीतरी हवं असतं, सोळाच्या मुलीला वाद घालायचा असतो. एकाच गटात दोघं असतील तर मोठ्यांना मोजणीची आणि नोंदींची जबाबदारी द्या, नाहीतर तासाभरात ती कंटाळतात.

माझा सगळ्यात हुकमी तास 1903 चा. मी नावं न सांगता दोन गट मांडते. 'क' गटाचा प्रमुख नावाजलेला शास्त्रज्ञ. त्याच्या बिनमाणसाच्या, वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृती 1896 मध्येच उडालेल्या. अमेरिकेच्या युद्धखात्याने त्याला 50,000 डॉलर दिलेले आणि इंजिन 52 अश्वशक्तीचं. 'ख' गट म्हणजे सायकली बनवून विकणारे दोन भाऊ. पैसे स्वतःचे, इंजिन जेमतेम 12 अश्वशक्तीचं. माणसाला घेऊन उडणारं विमान आधी कोण उडवेल, पैज कुणावर लावाल? बहुतेक सगळे हात 'क'साठी वर जातात. मग एकेक माहिती सोडायची. 'क'चा चालक याआधी ग्लायडरवर, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानावर, कधी बसलेलाच नाही. 'ख'मधले दोघं 1902 मध्ये शेकडो वेळा ग्लायडरवरून तरंगले आहेत. 'क'ला वाटतं, ताकद पुरेशी असली की यंत्र उडेल. 'ख'ला वाटतं, हवेत गेल्यावर तोल कसा सांभाळायचा हाच खरा प्रश्न आहे. प्रत्येक माहितीनंतर पुन्हा हात वर करायला सांगायचे. काही मुलं बाजू बदलतात, काही हट्टाने बदलत नाहीत, आणि मग त्यांचं आपापसात जुंपतं. ते जुंपू द्या.

त्यानंतर निकाल सांगायचा. 8 डिसेंबर 1903 रोजी 'क'चं, म्हणजे सॅम्युएल लँगलीचं, यंत्र सुटताक्षणीच पोटोमॅक नदीत कोसळलं. नऊ दिवसांनी, 17 डिसेंबरला, राइट बंधूंचं विमान 12 सेकंद उडालं. अंतर 120 फूट, म्हणजे साधारण 37 मीटर. हे अंतर बोलून सोडू नका. मोकळ्या जागेत टेपने मोजा आणि मुलांना चालायला लावा. 'एवढंच?' हा उद्गार हमखास येतो. त्यावर सांगायचं, की त्याच दिवशी चौथं उड्डाण 59 सेकंदांचं आणि 260 मीटरचं झालं. विमान तेच, इंजिन तेच, वारा साधारण तसाच. दीडेक तासात बदललं काय? चालवणाऱ्यांचे हात बसायला लागले होते, हे उत्तर मुलं स्वतः काढतात. थोडा वेळ लागतो, तो द्या.

याच गोष्टीचा आधीचा भाग मला जास्त आवडतो, पण तो फारसा कुणी सांगत नाही. 1901 मध्ये राइट बंधूंच्या ग्लायडरला हिशेबाने यायला हवी होती त्यापेक्षा बरीच कमी उचल, म्हणजे हवेचा वर उचलणारा जोर, मिळत होती. मुलांना विचारा, तुम्ही काय केलं असतं? पंख मोठे करू, वजन कमी करू, जोराच्या वाऱ्यात उडवू, अशी उत्तरं येतात. ज्या आकड्यांवरून हिशेब केला तेच तपासू, असं क्वचितच कुणी म्हणतं. त्या भावांनी तेच केलं. सहा फूट लांबीची लाकडी पेटी घेतली, एका टोकाला पंखा बसवला, आत मोजमापाचे तराजू. हे तराजू करवतीच्या पात्यांचे आणि सायकलच्या स्पोकच्या तारांचे होते. त्या पेटीत त्यांनी पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने तपासले. हवेच्या दाबासाठी शंभराहून जास्त वर्षं सर्रास वापरला जाणारा 0.005 हा गुणांक चुकीचा होता. त्यांच्या हिशेबाने तो 0.0033 च्या जवळपास होता. सगळे ज्या आकड्यावर विसंबून होते तो दीडपट फुगलेला होता! पाठ्यपुस्तकातला आकडाही मोजून बघता येतो, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कळतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते रॉकेटच्या व्हिडिओने येत नाही.

लगेच हाताला काम द्यायचं. साध्या कागदाचं ग्लायडर, नाकाला एक कागदी क्लिप. नियम दोनच. फेकण्याआधी काय होईल ते लिहायचं, आणि एका वेळी एकच बदल करायचा. क्लिप काढली की नाक वर जातं, वेग मरतो आणि विमान मागे झुकून धपकन पडतं. दोन क्लिपा लावल्या की नाक खाली करून सूर मारतं. एका क्लिपेवर पंखाची मागची कड दोन-तीन मिलिमीटर वर वळवली की तेच विमान खोलीच्या त्या टोकाला जातं. इथे एक गंमत ठरलेली असते. कुणीतरी घाईने क्लिपही सरकवतो आणि कडही वळवतो, विमान झकास उडतं, आणि कशामुळे उडालं हे त्याला सांगता येत नाही. त्याला रागवायचं नाही. फक्त 'तुझ्या वहीत काय लिहिणार?' एवढं विचारायचं.

जाता जाता: पंखावरून जाणारी हवा लांबचा रस्ता गाठण्यासाठी वेगाने धावते आणि मागच्या कडेला खालच्या हवेला भेटते, हे स्पष्टीकरण अजून पुष्कळ ठिकाणी छापलेलं सापडतं. ते चूक आहे, अशी भेट होत नाही. पंख हवेला खाली ढकलतो, वरच्या आणि खालच्या बाजूच्या दाबात फरक पडतो, आणि ही दोन्ही वर्णनं एकाच घटनेची आहेत. कुणी हुशार मुलगी 'मग विमान उलटं कसं उडतं?' असं विचारेल. तिला उत्तर देऊ नका, ग्लायडर उलटं करून फेकायला सांगा.

दुसरा तास हिशेबाचा. 23 जुलै 1983 रोजी कॅनडातलं एक बोइंग 767 प्रवासी विमान एडमंटन शहराला निघालं होतं. इंधन दाखवणारे काटे बंद होते, म्हणून टाक्यांत मोजपट्टी घालून इंधन मोजलं. ही मांडणी मी फळ्यावर जशीच्या तशी लिहिते. लागणारं इंधन 22,300 किलो. टाक्यांत आधीच असलेलं 7,682 लिटर. एका लिटरचं वजन 1.77. आणखी किती लिटर भरायचं? मुलं गुणाकार करतात: 13,597. वजा करतात: 8,703. भागतात: 4,917 लिटर. सगळ्यांचं उत्तर सारखं येतं, सगळे खूश. मी म्हणते, 'बरोबर. विमानातही एवढंच भरलं. वाटेतच इंधन संपलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली.'

मग शांतता. चूक शोधा म्हटलं की पुन्हा गुणाकार तपासतात, तो बरोबरच असतो. कुणालातरी शेवटी सुचतं, की 1.77 काय? किलो की आणखी काही? तो आकडा पौंडांचा होता. किलोत एका लिटरचं वजन साधारण 0.8 असतं, म्हणजे 20,000 लिटरच्या आसपास भरायला हवं होतं. ती विमानकंपनी तेव्हा नुकतीच मेट्रिक मापांकडे वळत होती. पुढचं सांगायलाच हवं, नाहीतर मुलं घरी जाऊन झोपणार नाहीत: कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा अनुभव होता. त्यांनी ते अवाढव्य विमान इंजिनांशिवाय गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. त्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती व्हायच्या. विमानातले सगळे 69 जण वाचले. या तासानंतर मुलं उत्तराशेजारी एकक लिहायला लागतात, हे गणिताच्या शिक्षकांकडून मला कळतं. दुसरं म्हणजे, विमानविद्या म्हणजे केवळ वैमानिक नव्हे, हेही मुलांच्या लक्षात येतं. मला हे व्याख्यान देऊन कधी साधलं नसतं.

हा दुसरा मुद्दा जरा लावून धरा. मुलं गळतात त्याचं एक कारण असं, की आपण त्यांच्यापुढे फक्त वैमानिक आणि अंतराळवीर ठेवतो. चष्मा असलेल्या, गर्दीत न बोलणाऱ्या, उंचीची भीती असलेल्या मुलाला वाटतं की हे आपलं काम नव्हे. त्याला चार्ली टेलर सांगा. राइट बंधूंच्या दुकानातला हा मेकॅनिक. ते 12 अश्वशक्तीचं इंजिन त्याने साधारण सहा आठवड्यांत घडवलं. रशियाचा कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की सांगा. लहानपणीच्या आजारात ऐकू येणं जवळजवळ गेलं, पेशा शाळामास्तरचा, आणि रॉकेटचं मूळ समीकरण मांडणारा लेख छापून आला तोही 1903 मध्येच. आणि जॅक गार्मन तर सांगाच.

20 जुलै 1969. अपोलो 11 मोहिमेचं ईगल यान चंद्रावर उतरत असताना संगणकाने 1202 अशी धोक्याची सूचना दिली. आर्मस्ट्राँग यांनी पृथ्वीकडे विचारणा केली. उतरायचं की परत फिरायचं, हे सांगायची जबाबदारी स्टीव्ह बेल्स यांच्यावर होती, वय 26. त्यांच्यामागे दुसऱ्या खोलीत गार्मन, वय 24. काही दिवस आधीच्या सरावात अशाच एका सूचनेवर बेल्स यांनी मोहीम रद्द करायला सांगितलं होतं, आणि तो निर्णय चुकीचा ठरला होता. त्यामुळे प्रत्येक सूचनेचा अर्थ शोधून ठेवण्याचा हुकूम सुटला, आणि गार्मन यांनी हाताने लिहिलेली एक यादी टेबलावर ठेवली होती. संगणकावर कामाचा बोजा जास्त झाला आहे, तो बिनमहत्त्वाची कामं टाकून महत्त्वाची करतो आहे, सूचना सारखी येत नसेल तर पुढे जायला हरकत नाही, असं त्या यादीवरून काही सेकंदांत ठरलं.

मी हे खेळ म्हणून घेते. चार मुलांना चार खुर्च्या. एक यानात, एक त्याच्याशी बोलणारा, एक निर्णय देणारी, एक यादी घेऊन बसलेला. यादीत मी आठ-दहा खोट्या सूचना लिहिते, काही 'थांबा' म्हणणाऱ्या, काही 'चालू ठेवा' म्हणणाऱ्या. घड्याळ लावून सूचना वाचायची, दहा सेकंदांत निर्णय. पहिल्या फेरीत यादी देत नाही. दुसऱ्या फेरीत देते. तिसऱ्या फेरीआधी मुलं स्वतःच यादीची मांडणी बदलायला लागतात, 'थांबा'वाल्या सूचना वर घेतात, रंग देतात. एरवी गप्प बसणारी मुलं यादी सांभाळण्यात फार चोख निघतात.

आता अवकाश. इथे नुसते आकडे सांगून भागत नाही, अंतर नजरेला दिसावं लागतं. 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि मुलांना विचारा, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कुठे असेल? कुणी हातभर लांब बोट ठेवतं, कुणी खोलीच्या दारात जाऊन उभं राहतं. स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे. या गोलावर ते पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरही दूर नाही. दूरसंचाराचे भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणारे, उपग्रह 84 सेंटिमीटरवर. चंद्र, आठ सेंटिमीटरांचा चेंडू, नऊ मीटरवर. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही सव्वा किलोमीटरच्या पुढे. हा गोल मधे ठेवून मुलं बाहेर चंद्र धरून उभी राहिली, की 1969 मध्ये काय झालं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्यालाच जोडून: स्थानकावर माणसं तरंगतात कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, असं जवळजवळ सगळी मुलं म्हणतात. पृथ्वीच्या इतक्या जवळ गुरुत्व संपेल कसं? तिथे ते जमिनीवरच्या सुमारे 88 टक्के असतं. कागदी पेल्याला खाली भोक पाडा, पाणी भरा, धार सुरू झाली की उंचावरून पेला सोडा. पडत असताना धार थांबते. पेला आणि पाणी दोन्ही सारख्याच वेगाने पडतात, म्हणून. स्थानकही पडतच असतं, पण सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पुढे जात असल्यामुळे पृथ्वीला चुकवत राहतं. पेला सोडताना काय होईल ते आधी लिहून घ्यायला विसरू नका.

रॉकेटसाठीही असाच प्रश्न आहे. पोकळीत ढकलायला काही नाही, मग रॉकेट कशाच्या आधाराने पुढे जातं? 1920 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात रॉकेटचे अमेरिकन संशोधक रॉबर्ट गॉडार्ड यांना नेमक्या याच मुद्द्यावरून हिणवलं होतं, आणि अपोलो 11 निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 17 जुलै 1969 रोजी, चूक झाल्याचं छापलं. मुलांपैकी निम्मी त्या अग्रलेखाच्या बाजूची असतात, त्यामुळे वाद चांगला रंगतो. मग चाकांच्या खुर्चीत बसून जड चेंडू फेकून बघायचा, आणि शेवटी पाण्याचं रॉकेट: प्लॅस्टिकची बाटली, पाणी, सायकलचा पंप. पाणी किती भरायचं हे मुलांनी शोधायचं. रिकामी बाटली फार वर जात नाही, पूर्ण भरलेलीही जात नाही, साधारण एक तृतीयांशाच्या आसपास जमतं. डोळ्यांना चष्मा, सोडणारा दोरी लांब धरून, आणि दाब भरल्यावर बाटलीजवळ कुणीही जायचं नाही. यात सूट नाही.

अपयश आणि काळी बाजू लपवू नका, पण वय बघा. 7 सप्टेंबर 2019 ला चांद्रयान-2 चा लँडर आपटला आणि 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चा उतरला. मधे काय काय बदललं याचा तक्ता मुलांना करायला द्या: मजबूत पाय, जास्त इंधन, पाचऐवजी चार इंजिनं, उतरण्याची जागा 500 मीटर चौरसावरून 4 बाय 2.4 किलोमीटर. 'जागा मोठी केली, म्हणजे पेपर सोपा केला ना?' असं एका मुलाने विचारलं होतं. त्यावर अख्खा तास गेला आणि माझी काही हरकत नव्हती. उड्डाणानंतर लगेच फुटलेल्या चॅलेंजर या अमेरिकन अंतराळयानाबद्दल मी चौदाच्या वरच्यांशीच बोलते, स्फोटाचा व्हिडिओ दाखवत नाही. आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीबद्दल दिलेला इशारा कुठवर पोचला, एवढ्यावरच चर्चा. आणि अवकाशाच्या सीमेपलीकडे गेलेलं पहिलं रॉकेट, 1944 चं जर्मनीचं व्ही-2, हे शहरांवर डागायचं अस्त्र होतं, ते बनवताना हजारो कैदी मेले, आणि त्याचा मुख्य रचनाकार पुढे चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न 5 रॉकेटचाही प्रमुख होता, हे मोठ्या मुलांना आपणच सांगावं. त्यांना ते कुठेतरी सापडणारच, आणि मग आपण बाकीचंही लपवलं असेल असं त्यांना वाटतं.

आता तुमच्या खरेदीबद्दल. पहिले काही महिने काहीच घेऊ नका. कागद, क्लिपा, बाटल्या, गोल, वह्या पुरतात. सिम्युलेटर मला नकोसा वाटत नाही, पण एकट्या मुलाला दिला की दहा मिनिटांत तो विमान मुद्दाम आपटायला लागतो. तिघांना मिळून द्या: एक चालवणार, एक तपासणी यादी वाचणार, एक नोंदी ठेवणार, आणि दर फेरीला जागा बदलायच्या. असं करणार असाल तर साधा संगणक आणि साधी स्टिक पुरे.

दुर्बिणीआधी फुकटचं आकाश वापरा. अंतराळ स्थानक सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी तुमच्यावरून जातं तेव्हा नुसत्या डोळ्यांना दिसतं, आणि वेळा आधी कळतात. पुष्कळदा ते मावळायच्या आधीच, आकाशाच्या मध्यावरच विझतं. का, हे गोल आणि टॉर्च घेऊन मुलांना शोधू द्या. त्यानंतर घ्यायचीच तर 10×50 ची (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री दुर्बीण घ्या आणि तिपाईवर बसवा. स्वस्त मोठ्या दुर्बिणींचे स्टँड इतके हलतात की मुलांना काही दिसतच नाही. ती गुरूवर लावा, दिसेल तसं चित्र काढायला सांगा आणि पुढचे चार-पाच दिवस रोज तेच करा. गुरूजवळचे ठिपके जागा का बदलतात यावर गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत डोकं खाजवलं होतं. ते गुरूचे उपग्रह आहेत हे मुलांना तोवर सांगू नका.